तंदूरच्या तोंडाशी

पगार झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी आम्ही चार शिक्षक शाळेजवळच्या एका लहानशा हॉटेलात जेवायला जातो. सहा टेबले, एक पंखा आणि दाराशीच मातीचा तंदूर. पनीर टिक्का, तंदुरी चिकन, दाल, रोटी एवढे मागवले की चौघांचे पोट भरते आणि खिसाही फारसा हलका होत नाही. आमची जागा ठरलेली, तंदूरसमोरची. तिथे उकडते, पण उष्णतेच्या धड्यातील कोणत्याही आकृतीपेक्षा तिथून जास्त दिसते.

एकदा गणिताच्या सरांनी विचारले, "घरी ओव्हन आहे, पीठही तेच आहे. मग अशी रोटी घरी का होत नाही?" उत्तर लगेच आले, "कोळशाची चव! दुसरे काय?" आपल्यापैकी बहुतेकजण हेच उत्तर देतील. ते तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण प्रश्न केवळ जिभेचा राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले आणि पाठोपाठ महापालिकेने कोळशाचे तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांना नोटिसा धाडल्या. चव खरोखर कोळशात असेल, तर या हॉटेलांचे कठीण आहे. ती दुसरीकडे कुठे असेल, तर गोष्ट वेगळी.

प्रथम रोटी पाहू. तंदूर म्हणजे तोंडाशी अरुंद, पोटात फुगीर असा मातीचा रांजण. तळाशी निखारे आणि हवा आत येण्यासाठी खाली एक झरोका. तासाभरात जाड भिंत तापून तिचे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तंदूरवाला लाटलेली रोटी कापडाच्या गादीवर घेतो, पाठीला पाण्याचा हात लावतो आणि भिंतीवर थापतो. आता भिंतीला टेकलेल्या बाजूला उष्णता वहनाने मिळते. वर चढणारी गरम हवा अभिसरणाने उष्णता देते. मोकळ्या बाजूवर समोरच्या भिंतीचे आणि निखाऱ्यांचे प्रारण पडते. तव्यावरची पोळी उलटावी लागते, तंदूरमधली रोटी उलटावी लागत नाही, ती यामुळेच. तिन्ही मार्ग एकाच वेळी कामाला लागलेले दाखवायला याहून सोपे उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

यात प्रारणाचा वाटा मोठा असतो. प्रारणाने बाहेर पडणारी ऊर्जा केल्विनमधील तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. घरचा ओव्हन २०० अंशांवर, म्हणजे ४७३ केल्विनवर ठेवला आणि तंदूरची भिंत ३०० अंशांवर, म्हणजे ५७३ केल्विनवर असली, तर ५७३ भागिले ४७३ या भागाकाराचा चौथा घात सुमारे २.१५ येतो. सेल्सिअसमध्ये दीडपट दिसणारा फरक प्रारणात दुपटीहून अधिक होतो. निखारे तर याहून कितीतरी तप्त. (हे गणित दहावीच्या मुलांकडून करून घ्यावे. केल्विन कशासाठी, हा प्रश्न पुन्हा पडत नाही.)

उष्णता इतक्या वेगाने मिळाल्याने पिठातील पाण्याची झपाट्याने वाफ होते. एक ग्रॅम पाण्यापासून १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ बनते. त्या वाफेने रोटी फुगते आणि आतला ओलावा जाण्यापूर्वीच वरचा पापुद्रा भाजून निघतो. ओव्हनमध्ये हेच काम रेंगाळते आणि रोटी वाळून चिवट होते.

मग ती उभ्या भिंतीवरून खाली का पडत नाही? ओल्या बाजूचा पिष्ट पदार्थ ६०-७० अंशांच्या पुढे पाणी शोषून खळीसारखा चिकट होतो. आपण पतंगाला लावतो तीच ही खळ. पुढे ती बाजू कोरडी होऊन कडक पडली की पकड सुटते आणि सळईच्या हलक्या धक्क्याने रोटी वर येते. जास्त वेळ राहिली तर मात्र ती खरोखरच निखाऱ्यांत पडते. आमच्या टेबलावर यायची एक रोटी अशीच गेली होती!

आता टिक्का. दह्यातील आम्लाने आणि मिठाने मांसातील प्रथिनांची घट्ट रचना सैल होते, पण हे पदार्थ आत फार हळू शिरतात. अंतर दुप्पट झाले की वेळ साधारण चौपट लागतो. तंगडीवर सुरीने खोल चिरा देतात त्या यासाठी. लोखंडी सळईचेही काम केवळ धरून ठेवण्याचे नाही. मांसापेक्षा लोखंड सुमारे शंभरपट चांगले उष्णतावाहक आहे, त्यामुळे तुकडा आतूनही शिजू लागतो.

बाहेरचा खरपूस तपकिरी रंग आणि वास ज्या अभिक्रियेतून येतो, तिचे वर्णन १९१२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी केले. अमिनो आम्ले आणि काही शर्करा यांच्यात ती घडते आणि साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, म्हणून रश्श्यातले चिकन कितीही शिजवले तरी तसे खमंग होत नाही. तंदूर पृष्ठभाग चटकन कोरडा करतो. यात कोळशाचा संबंध नाही, तापमानाचा आहे.

राहिला धुराचा वास. लाकडाचा कोळसा करतानाच त्यातील वास देणारे बाष्पनशील पदार्थ निघून गेलेले असतात. नीट फुललेल्या निखाऱ्याला वास जवळजवळ नसतो. मग धूर कशाचा? सळईवरून थेंब थेंब गळणारी चरबी, लोणी आणि मसाला निखाऱ्यावर पडून जळतो आणि तो धूर वर येऊन तुकड्यांवर बसतो. म्हणजे ती चव मुख्यतः पदार्थाचीच, आपल्याच थेंबांतून परत आलेली! गॅसच्या तंदूरमध्ये हेच थेंब तापलेल्या पत्र्यावर पडले तरी धूर होतोच. रोटीतून तर काही गळतच नाही. तिची चव जवळजवळ सगळी भिंतीची.

ही धुराची चव निर्दोष आहे, असे मात्र नाही. जळणाऱ्या चरबीत बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे तयार होतात आणि इंधन बदलल्याने ती नाहीशी होत नाहीत. काळे पडलेले कोपरे आम्ही ताटातच बाजूला काढतो.

कोळशाचा स्वतःचा दोष वेगळा आहे. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच्यामुळे. गिऱ्हाईक तासाभरात उठून जाते. तंदूरवाला मात्र दुपारी अकरापासून रात्री अकरापर्यंत त्या तोंडावर वाकलेला असतो. त्याच्या उजव्या हातावर केस उरलेले नाहीत. गरम हवेतून हात क्षणात काढला तर भाजत नाही, कारण हवा उष्णतेची मंदवाहक आहे. पण प्रारण थोडे थोडे आपले काम करतच असते. कोळसा जाऊन गॅस आला तर धूळ, राख आणि बराचसा विषारी वायू कमी होईल. उकाडा तेवढाच राहील.

आणि स्वस्ताईचे काय? जाड मातीची भिंत तापवायला बरेच इंधन लागते, मात्र एकदा तापली की पुढच्या रोट्यांना फारच थोडे पुरते. सहा रोट्यांसाठी ती तापवणे कोणत्याही घराला परवडणार नाही, दोनशे रोट्यांसाठी परवडते. पंजाबच्या खेड्यांत म्हणूनच सांझा चूल्हा असे. घरोघरच्या बायका आपापली कणीक घेऊन एकाच तंदूरवर यायच्या. हॉटेलातील आमची रोटी स्वस्त पडते, त्यात पलीकडच्या टेबलांचाही वाटा आहे.

रात्री हॉटेल बंद करताना तंदूरवाला झरोका बुजवतो आणि तोंडावर झाकण ठेवतो. सकाळी भिंत कोमट लागते, असे त्याने आम्हांला सांगितले. किती कोमट, ते मोजायला शाळेचा तापमापक घेऊन जायचे ठरले आहे. तो ११० अंशांपर्यंतच जातो, तेव्हा सकाळचीच वेळ गाठावी लागेल.