वाळूवरचे बॅरेज

२१ जून २०१९ रोजी मेडीगड्डा बॅरेजचे उद्घाटन झाले, तेव्हा तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांच्यासोबत महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही हजर होते. प्राणहिता पोटात घेऊन निघालेली गोदावरी इथे अडवायची आणि पाणी उपसून तेलंगणात चढवत न्यायचे, अशी ही कालेश्वरम योजना. बॅरेजला दरवाजे ८५. एक टोक तेलंगणात, दुसरे गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात. २१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी मोठा आवाज झाला आणि सातव्या ब्लॉकमधला खांब खचला. बॅरेजला तेव्हा साडेचार वर्षेही झाली नव्हती.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सावली तालुक्यातल्या असोलामेंढा तलावाची पाळ ब्रिटिशांच्या काळातली. शंभरी ओलांडूनही तिथले पाणी धानाला मिळते. तेव्हा धरणाचे नुसते वय विचारून भागत नाही, त्याच्या तळाशी काय चालले आहे ते विचारावे लागते.

मेडीगड्ड्याच्या तळाशी नदीची वाळू आहे. तिच्यावर काँक्रीटची जाड फरशी, आणि फरशीच्या कडांना खोल उतरवलेली पाइल्सची भिंत. दरवाजे बंद झाले की वरचे तुंबलेले पाणी फरशीखालून वाट शोधते. भिंत अखंड असेल तर वाट लांबते आणि पाण्याचा जोर ओसरतो. फट राहिली, तर पाणी वाळूचे कण सोबत घेऊन निघते. पोकळी वाढत जाते आणि वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने फरशीखालची वाळू वाहून जाण्यावरच बोट ठेवले. नियोजन, आराखडा, बांधकामाचा दर्जा आणि देखभाल, चारही ठिकाणी तिला उणिवा दिसल्या. मला सर्वांत जास्त टोचते ती देखभाल. कारण पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणे २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मालकावर बंधनकारक आहे.

आपल्या कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तडे गेले. ते बुजवले, मागून काँक्रीटचा आधार दिला. त्या धरणाच्या पाण्यावर आजही वीज तयार होते. तडा डोळ्यांना दिसतो, वाळूतली पोकळी शोधावी लागते.

म्हणून बॅरेजच्या तपासणीचा अहवाल दरवर्षी सिरोंचाच्या तहसील कार्यालयात मराठीत आणि तेलुगूत लागला पाहिजे. पाणी अचानक सुटले तर कुणी कळवायचे, कुठे जायचे, हे नदीकाठच्या ग्रामसभांत वाचून दाखवले पाहिजे. पाणी पुन्हा अडवायचे असेल, तर हे आधी व्हावे.