सहलीची गाडी घेताना : रंग नव्हे, कागद पाहा

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव. आंबेगाव तालुक्यातल्या या गावातून सकाळी निघाले तर जुन्नरची लेण्याद्री, तुळजा, मानमोडी ही बौद्ध लेणी पाहून दिवेलागणीला परत येता येते. शिवाय १ जानेवारीला कोरेगाव भीमा, ६ डिसेंबरला चैत्यभूमी आणि अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी आहेच. म्हातारी आई, लहान लेकरे, भाकरीचे डबे आणि अंथरुणे घेऊन गर्दीच्या एसटीत चढणे सोपे नाही. म्हणून दोन-तीन भाऊ पैसे जमवून जुनी सात-आठ आसनी गाडी घेण्याचा विचार करतात. विचार चांगलाच आहे. पण त्यात फंडाची, नाहीतर भिशीची पुंजी जाणार असते. तेव्हा आधी चार गोष्टी पाहाव्यात, असे आम्हाला वाटते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आत झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली ही गाडी. कष्टकऱ्यांच्या खिशाला ती परवडणारी नाही. मग कोणी सुचवतो, जुन्या गाडीची आसने काढून तसेच करून घेऊ. तसे करू नये. नोंदणीतल्या तपशिलात बदल होईल अशी फेररचना मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाला धरूनच करावी लागते. नाहीतर अपघातानंतर विम्याचे पैसे अडू शकतात.

कागद आधी

आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल, तर कर्ज फिटल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. स्वस्तातली चौदा वर्षांची गाडी म्हणूनच पुढे महाग पडते.

भावाभावांत घेतलेल्या गाडीचा मालक कायद्याने एकच धरला जातो, ज्याच्या नावावर नोंद आहे तो. हप्ता कोणी भरायचा, दुरुस्तीत कोणाचा किती वाटा, हे आधीच लिहून सह्या करा. त्याने भाऊबंदकी टळते.

विमा कोणाचा?

आमच्या मते सर्वात मोठा प्रश्न हाच. केवळ 'थर्ड पार्टी' विम्यात रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या नुकसानीची भरपाई होते. खासगी गाडीत बसलेल्या आपल्या आईची, मुलाची होत नाही. त्यासाठी पूर्ण पॅकेज विमा घ्या आणि आतल्या प्रवाशांना संरक्षण आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या. गाडी आपल्या नावावर झाली की चौदा दिवसांत विमा कंपनीलाही कळवा. आरसीवर लिहिलेल्या आसनांपेक्षा जास्त माणसे कोंबू नका आणि पांढऱ्या पाटीवर सीटमागे भाडे घेऊ नका.

आपली गाडी विकतानाही हेच भान हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे की, नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक. नाव बदलले नाही आणि नव्या माणसाकडून अपघात झाला, तर भरपाईची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते.

गाडी पाहताना

ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. सकाळी थंड इंजिन सुरू करायला लावा. एक्झॉस्टमधून निळा धूर येत असेल, तर इंजिन ऑइल खात आहे असे समजा. गालिचा उचलून खालचा पत्रा गंजला आहे का ते पाहा. किलोमीटरच्या आकड्यावर भरवसा नको. पेडलचे रबर आणि आसनांची झीज जास्त खरे बोलतात. सगळी आसने भरून घाटात एक फेरी मारा. मागच्या आसनांना पट्टे आहेत का, तेही बघा.

मुक्कामात गाडीच्या आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपू नका. विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

गाडी वर्षातून दहा-बाराच दिवस लागणार असेल, तर हप्ता, विमा आणि दुरुस्ती यांची बेरीज एका कागदावर मांडा. शेजारी परवानाधारक गाडीचे तेवढ्या दिवसांचे भाडे लिहा. हा हिशेब घरातल्या बायकांसमोर करा. घर त्या चालवतात, आणि कोणता आकडा पेलवेल हे त्यांना नेमके ठाऊक असते.