हिंस्र श्वापदाचा वध : तीन पूर्वप्रश्न

मनुष्यावर हल्ला करणाऱ्या वन्य प्राण्यास ठार मारावे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात आता केवळ तात्त्विक चर्चेचा विषय राहिलेला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात एका वाघिणीस गोळी घालून ठार करण्यात आले. वनखात्याच्या दप्तरी तिची नोंद टी-१ अशी होती. लोकांत ती ‘अवनी’ या नावाने परिचित झाली होती. सुमारे दोन वर्षांत घडलेल्या १३ मनुष्यांच्या मृत्यूंशी तिचा संबंध जोडण्यात आला होता. पुढे १३ ऑक्टोबर २०२२ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील वडसा परिसरात सीटी-१ या वाघास गुंगीचे औषध देऊन जिवंत पकडण्यात आले व नागपूरजवळील गोरेवाडा येथे नेण्यात आले. त्याच्या नावावरही १३ बळींचीच नोंद होती. मृत्यूंची संख्या एकच. पण एका श्वापदास मरण आले आणि दुसऱ्यास बंदिवास. पहिल्या घटनेनंतर देशभर निषेध झाला, तर दुसरी घटना फारशी चर्चा न होता विस्मृतीत गेली. या तफावतीत प्रश्नाचे खरे स्वरूप दडलेले आहे. ‘मारावे की मारू नये’ हा वस्तुतः अखेरचा प्रश्न होय; त्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळावी लागतात. हल्ला करणारा प्राणी नेमका कोणता? त्याने हल्ला कशामुळे केला? आणि त्यास दूर केल्यानंतर त्या परिसरात काय घडेल? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

१. इतिहास आणि कायदा

ब्रिटिश अमदानीत या प्रश्नास प्रश्न म्हणून स्थानच नव्हते. वाघ, बिबट्या आणि लांडगा हे शेतीच्या विस्तारातील अडथळे मानले जात आणि त्यांच्या हत्येसाठी सरकारी बक्षिसे दिली जात. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींच्या आधारे केलेल्या गणनेनुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि सुमारे २,००,००० लांडगे मारले गेले. यांतील बहुसंख्य प्राण्यांनी मनुष्यास कधी स्पर्शही केला नसणार, हे उघड आहे. त्या काळी प्राण्याची जात हाच त्याचा अपराध होता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ही दृष्टी मुळापासून बदलली. या अधिनियमाच्या ११ व्या कलमानुसार पहिल्या अनुसूचीतील प्राणी ‘मानवी जीवितास धोकादायक’ झाला आहे अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटल्यास, त्यास कारणे नमूद करून लेखी आदेशाने शिकारीची अनुज्ञा देता येते. प्राण्यास पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नाही अशी खात्री झाल्याखेरीज त्यास ठार मारण्याचा आदेश देऊ नये, असे बंधनही त्यास जोडलेले आहे. त्याचबरोबर स्वतःच्या वा दुसऱ्याच्या रक्षणार्थ सद्भावनेने केलेला वध हा अपराध ठरत नाही, हेही त्याच कलमात सांगितले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की लोकांच्या तोंडी असलेला ‘नरभक्षक’ हा शब्द या कलमात नाही. कायदा प्राण्याच्या स्वभावाविषयी निर्णय देत नाही. तो केवळ विशिष्ट प्राण्यापासून असलेल्या धोक्याचा विचार करतो. जातीकडून व्यक्तीकडे झालेले हे संक्रमण पुढील सर्व विवेचनाचा पाया होय.

२. पहिला पूर्वप्रश्न : प्राणी कोणता?

वधाचा आदेश एका प्राण्याविरुद्ध असतो. म्हणून ओळख पटविणे ही त्याची पहिली अट ठरते. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची आणि बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येक प्राण्यागणिक भिन्न असते. त्यामुळे जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून एक प्राणी दुसऱ्यापासून निश्चितपणे वेगळा ओळखता येतो. परंतु अमुक प्राणी त्या परिसरात वावरतो, एवढेच छायाचित्राने सिद्ध होते. हल्ला त्यानेच केला, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी मृताच्या जखमांतील लाळेचे वा तेथे सापडलेल्या केसांचे डीएनए परीक्षण करावे लागते. पावलांच्या ठशांवरून काढलेले अनुमान याहून दुर्बल असते, कारण माती, चिखल आणि चालण्याची गती यांनुसार एकाच प्राण्याचे ठसे बदलतात.

येथे एक खरी अडचण उभी राहते. शास्त्रीय ओळख पटविण्यास अवधी लागतो आणि गावाजवळ तो अवधी नसतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा मृत्यू झाला. त्यांत दोन बालके होती. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला आणि त्यानंतर एका बिबट्यास गोळी घालण्यात आली. ज्या घरातील मूल अंगणातून नाहीसे झाले आहे, त्या घरास प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहण्यास सांगणे सोपे नाही. तथापि घाईने चुकीचा प्राणी मारला गेला, तर दुहेरी अनर्थ ओढवतो : निरपराध प्राणी जिवास मुकतो आणि धोका टळल्याच्या समजुतीने निर्धास्त झालेल्या गावात खरा हल्लेखोर मोकाट राहतो. म्हणजे ओळखीचा आग्रह हा प्राण्याच्या कणवेपोटी धरावयाचा नसून तो मुख्यतः मनुष्याच्याच सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

३. दुसरा पूर्वप्रश्न : हल्ला कशामुळे?

सर्व हल्ले एका जातीचे नसतात. पिल्लांसह असलेली वाघीण अकस्मात समोर आलेल्या मनुष्यावर धावून जाते. हा बचावाचा हल्ला होय. मोहफुले वा तेंदूपाने वेचणारी, खाली वाकलेली व्यक्ती चतुष्पाद भक्ष्य समजली जाऊन हल्ला होतो. तो भ्रमाचा होय. मनुष्यास भक्ष्य म्हणून हेरून, पाठलाग करून वारंवार मारणे ही तिसरी आणि तुलनेने विरळ अवस्था असून खरा धोका तिच्यात आहे. पहिल्या दोन प्रकारांत त्या प्राण्याचा वध केल्याने पुढील हल्ल्यांची शक्यता फारशी घटत नाही. कारण तशा परिस्थितीत त्या जातीचा कोणताही प्राणी बहुधा तसाच वागला असता.

तिसऱ्या अवस्थेचे कारण पुष्कळदा शारीरिक अपंगत्वात सापडते. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये कुमाऊंतील चंपावत येथे मारलेल्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळींची नोंद होती. तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे जुन्या बंदुकीच्या गोळीने मोडलेले आढळले. नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले होते आणि त्यास मनुष्याचाच एक अर्धवट प्रयत्न कारणीभूत होता. परंतु हे कारण सार्वत्रिक मानता येत नाही. १९२६ मध्ये मारल्या गेलेल्या रुद्रप्रयागच्या बिबट्याच्या बाबतीत कॉर्बेट यांनी निराळे कारण सुचविले आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत प्रेतांचे विधिपूर्वक दहन करणे लोकांस अशक्य झाले आणि त्यामुळे मनुष्यमांसाची चटक लागली, असे ते कारण होय. तात्पर्य, हल्ल्याचे कारण कधी प्राण्याच्या देहात, कधी परिस्थितीत आणि कधी मनुष्याच्याच कृतीत असते. त्या मानाने उपायही भिन्न असावा लागतो.

४. तिसरा पूर्वप्रश्न : नंतर काय?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रानेच सर्वांत महाग किमतीस मिळविले आहे. जुन्नर परिसरात उसाच्या लागवडीबरोबर बिबट्यास बारमाही आडोसा मिळाला. गावांतील कुत्री, शेळ्या आणि वासरे यांमुळे खाद्याचीही उणीव राहिली नाही. २००१ नंतर तेथे मोठ्या प्रमाणावर बिबटे पिंजऱ्यात पकडून सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावरील जंगलांत सोडण्यात आले. वधापेक्षा हा मार्ग अधिक दयेचा, असा त्यामागे समज होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे परिणाम मांडले आहेत. स्थलांतरापूर्वी मनुष्यावरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती. ती नंतर १७ वर गेली. हल्ल्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचले.

याची कारणमीमांसा उद्बोधक आहे. बिबट्या आपल्या क्षेत्रात पाणी कोठे, आडोसा कोठे, मनुष्याची ये-जा केव्हा, हे सर्व जाणून असतो आणि त्या ज्ञानाच्या बळावर मनुष्यास टाळून राहतो. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यातील ताणाने बिथरलेला प्राणी या ज्ञानास पारखा होतो. शिवाय तो तेथे राहीलच याचीही शाश्वती नसते. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला, लोकांनी ‘आजोबा’ म्हणून ओळखलेला बिबट्या गळ्यातील यंत्राच्या नोंदीनुसार सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. विशेष हे, की या प्रवासात त्याने कोणाही मनुष्यास इजा केली नाही.

प्राणी काढून टाकल्याने रिकामे झालेले क्षेत्रही रिकामे राहत नाही. एक प्रस्थापित नर नाहीसा झाला, की त्याच्या जागेसाठी आसपासचे तरुण प्राणी पुढे सरसावतात. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले खोऱ्यात, जेथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात, तेथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबट्यांची घनता आढळली. त्यांच्या खाद्यातील वस्तुमानाचा ८७ टक्के भाग पाळीव वा गावठी प्राण्यांचा असून त्यात कुत्र्यांचा वाटा सर्वाधिक होता. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, मनुष्याच्या इतक्या निकट राहूनही बहुसंख्य बिबटे त्याच्या वाटेस जात नाहीत. दोन, जोवर आडोसा आणि खाद्य कायम आहे, तोवर एका प्राण्याच्या वधाने अथवा हकालपट्टीने मूळ परिस्थिती पालटत नाही.

५. नैतिक बाजू

प्राण्याच्या वधास अनेकदा ‘शिक्षा’ म्हटले जाते. ही संज्ञा चुकीची होय. शिक्षेस अपराध लागतो आणि अपराधास हेतू. १३८६ मध्ये फ्रान्समधील फालेझ येथे मुलाचा जीव घेतल्याबद्दल एका डुकरिणीस रीतसर फाशी देण्यात आली होती. आज हा प्रकार हास्यास्पद वाटतो, परंतु ‘नरभक्षकास देहदंड द्या’ या मागणीमागील तर्क त्याहून निराळा नाही. वसिष्ठ-धर्मसूत्राने ज्यांना आततायी म्हटले आहे, ते आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारणारा आणि धन, भूमी वा स्त्री हरण करणारा असे सारे मनुष्यच आहेत. श्वापद त्या कोटीत बसत नाही.

तथापि निरपराध असूनही घातक असणे शक्य आहे. पूर निरपराध असतो, म्हणून त्यास बांध घालू नये असे कोणी म्हणत नाही. श्वापदाच्या वधाचे समर्थन करावयाचे तर ते सूडाच्या वा दंडाच्या नव्हे, केवळ प्रतिबंधाच्या भूमिकेवरून करता येते. आणि प्रतिबंध हाच हेतू असेल, तर वधाने प्रतिबंध खरोखर होतो काय, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते. याच निकषावर बंदिवासाचीही परीक्षा झाली पाहिजे. कित्येक चौरस किलोमीटरचा स्वामी असलेला वाघ उर्वरित आयुष्य कोंडवाड्यात काढतो, तेव्हा वाचलेला जीव आणि टळलेली अपकीर्ती यांत मनुष्याच्या मनास अधिक समाधान कशाचे मिळते, हे स्पष्टपणे तपासून पाहण्यासारखे आहे.

दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते. २०२२ च्या गणनेत ते ४४४ झाले. या यशाचा आनंद शहरांत साजरा होतो. त्याची जोखीम मात्र सरपण, मोहफुले आणि तेंदूपाने यांसाठी रानात जाणारा मजूर, गुराखी आणि ऊसतोडणी करणारे कुटुंब उचलते. ज्यांनी कधी वाघाच्या वाटेवरून पायी जावयाचे नाही, त्यांनी वधाचा सरसकट निषेध करणे हे दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्यासारखे आहे. शिवाय ग्रामस्थांचा विश्वास एकदा उडाला, की विजेच्या तारा आणि विषप्रयोग यांचा अवलंब होतो आणि त्यांत मरणारे प्राणी कोणत्याही आदेशाने निवडलेले नसतात.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की मनुष्यास भक्ष्य म्हणून वारंवार मारणारा, निश्चितपणे ओळख पटलेला आणि जिवंत पकडता न येणारा प्राणी ठार मारणे समर्थनीय होय. तेथे विलंब करणे म्हणजे पुढील बळीची जबाबदारी पत्करणे होय. या तीन अटींपैकी एकही अपुरी असेल, तर वधाने लोकक्षोभ शमतो, धोका शमत नाही. अवनीच्या मृत्यूनंतर उठलेले वादळ हे बहुतांशी या अटींच्या पूर्ततेविषयीच होते. तिला प्रथम बेशुद्ध करण्याचा प्रयत्न व्हावा आणि तो फसल्यासच गोळी घालावी, असा आदेश होता. तो क्रम पाळला गेला काय, याविषयी नंतर गंभीर शंका उपस्थित झाल्या.

परंतु आदेशाचा क्षण हा नेहमीच उशिराचा क्षण असतो. घराजवळ शौचालय, रात्री बंद होणारा गोठा, वस्तीभोवती प्रकाश, उसाच्या फडालगत मुलांना एकटे न सोडण्याची सोय, गावाबाहेरील मांसाच्या कचऱ्याची विल्हेवाट आणि गुरे मारली गेल्यावर त्वरित हाती पडणारी भरपाई, ही कामे बंदुकीइतकी डोळ्यांत भरणारी नाहीत. किंबहुना त्यांची बातमीही होत नाही. तथापि ज्या गावात ती झाली आहेत, तेथे ‘मारावे की मारू नये’ हा प्रश्न क्वचितच उपस्थित होईल. आणि जेथे ती झालेली नाहीत, तेथे एका श्वापदाच्या मृत्यूने तो कायमचा सुटणार नाही.