कडेला बसलेल्या मुलाला चित्र कसे दिसते?

दूरचित्रवाणी संच घ्यायचा म्हटला की घरातला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "यातला चांगला कोणता?" दुकानदारही लगेच एकाकडे बोट दाखवतो. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाने मात्र येथे थोडे थांबावे आणि उलट विचारावे, "पाहणारा बसणार कुठे? आणि त्या वेळी खोलीत उजेड किती असणार?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय "चांगला" या शब्दाला काही अर्थ नाही. कसा, ते पाहू या.

गडचिरोलीहून मुरूमगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा हे तालुक्याचे गाव आहे. तेथून दोन गिऱ्हाइके निघाली आहेत असे समजा. एक आहे चौघांचे कुटुंब. तेंदूपत्त्याच्या हंगामाचे पैसे हाती आले आहेत. दिवसभराची कामे आटोपल्यावर, रात्री दिवा मालवून, समोरच्या खाटेवर बसून त्यांना बातम्या आणि सिनेमा पाहायचा आहे. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे शाळा. लोकवर्गणी जमली आहे आणि वर्गात चाळीस मुलांना भर दिवसा एकाच पडद्यावर पाठ दाखवायचे आहेत. दोघांनाही असा खर्च पुन्हा लवकर करता येणार नाही. दुकानात त्यांच्यापुढे दोन संच येतात. दोन्ही ४३ इंची, दोन्ही मध्यम किमतीचे, किंमत जवळजवळ सारखी. दोन्हींच्या खोक्यावर "एलईडी" लिहिलेले आणि दोन्हींवर "पाहण्याचा कोन १७८ अंश" असा छापही आहे. मग फरक तो कोणता?

फरक पडद्याच्या पोटात आहे, आणि तो खोक्यावर सहसा छापलेला नसतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने 'साइट' नावाचा मोठा प्रयोग केला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यांत नव्हता, पण धानोऱ्याच्या पूर्वेला लागून असलेले तेव्हाचे मध्य प्रदेश राज्य होते. गावात संच एकच, आणि त्यापुढे सारे गाव गोळा होई. त्या जुन्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावरील प्रस्फुरक लेपावर आदळत असे आणि लेप स्वतःच प्रकाशत असे. असा लेप सर्व दिशांना प्रकाश फेकतो. त्यामुळे कडेला बसलेल्याला चित्र अरुंद दिसे, पण फिके दिसत नसे. कोनाचे हे दुखणे आले ते चपट्या पडद्याबरोबर.

आजच्या मध्यम किमतीच्या संचात पडदा स्वतः प्रकाशत नाही. मागे एलईडीचे पांढरे दिवे सतत पेटलेले असतात. "एलईडी टीव्ही" हे नाव त्या दिव्यांवरून पडले, चित्र मात्र वेगळाच पदार्थ घडवतो. तो म्हणजे द्रवस्फटिक. १८८८ साली फ्रीड्रिख रायनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला प्राग येथे एक चमत्कारिक पदार्थ आढळला. तो १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना पुन्हा एकदा "वितळून" निर्मळ झाला! मधल्या गढूळ अवस्थेत तो द्रवासारखा वाहत होता, पण त्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळत होते.

हे लांबट रेणू दोन काचांमध्ये कोंडलेले असतात. काचांच्या दोन बाजूंना ध्रुवक नावाच्या पातळ पट्ट्या असतात. ध्रुवक एकाच प्रतलातील प्रकाशकंपनांना वाट देतो. दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेवले तर प्रकाश अडतो. मध्ये असलेल्या रेणूंनी कंपनांची दिशा योग्य तेवढी बदलली, तर तो दुसऱ्या ध्रुवकातून बाहेर पडतो. रेणूंना किती कलवायचे हे विजेचा दाब ठरवतो. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन खिडक्या असतात. त्या प्रत्येक खिडकीचे दार म्हणजे हे रेणू. (शंका असेल तर ध्रुवक काचेचा गॉगल मिळवा. तो खिशातल्या गणकयंत्राच्या आकड्यांपुढे धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत सारे काळे होईल.)

आता आपल्या दोन संचांकडे वळू. एकाच्या पडद्याला व्हीए म्हणतात. त्यात वीज नसताना रेणू काचेवर उभे असतात, बांबूच्या बेटासारखे. समोरून येणारा प्रकाश त्यांच्या लांबीच्या दिशेनेच जातो, त्याची कंपने बदलत नाहीत, आणि दुसरा ध्रुवक त्याला जवळजवळ पूर्णपणे अडवतो. म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. दाब दिला की रेणू कलतात आणि प्रकाश सुटतो. दुसऱ्या प्रकाराला आयपीएस म्हणतात. त्यात रेणू काचेला समांतर आडवे पडलेले असतात आणि दाब दिल्यावर घड्याळाच्या काट्यासारखे त्याच प्रतलात फिरतात. येथे दार पुरते बंद होत नाही, थोडा प्रकाश निसटतो, आणि काळा रंग काहीसा राखाडी दिसतो.

मग व्हीएच घ्यावा, नाही का? थांबा. हातात बांबूची काठी धरा. तिच्या टोकाकडून पाहा, नुसता ठिपका दिसतो. बाजूने पाहा, लांब काठी दिसते. द्रवस्फटिकाचा रेणूही त्यातून जाणाऱ्या किरणाला असाच भेटतो. किरण आणि रेणू यांच्यातील कोनावर परिणाम अवलंबून असतो. व्हीएमध्ये अर्धवट कललेला रेणू समोरच्या पाहणाऱ्याला जसा "दिसतो" तसा कडेच्याला दिसत नाही. कडेच्याच्या वाट्याला भलताच प्रकाश येतो. सावल्या उजळतात, चेहरे फिके पडतात, नकाशातील फिकट रंग एकमेकांत मिसळतात. कारखानदार प्रत्येक ठिपक्याचे तुकडे करून त्यांतले रेणू वेगवेगळ्या दिशांना कलवतात. त्याने हा दोष कमी होतो, जात नाही. आयपीएसमधल्या आडव्या काट्याकडे मात्र कुठूनही पाहिले तरी फारसा फरक पडत नाही.

आणि ते १७८ अंश? ही मोठी मौजेची संख्या आहे. ज्या कोनापर्यंत पांढऱ्याची दीप्ती काळ्याच्या किमान दहापट राहते, तो कोन म्हणे "पाहण्याचा कोन". समोरून जे गुणोत्तर हजारांत असते ते दहावर घसरेपर्यंत सारे क्षम्य! रंगांचे काय झाले हे विचारायचेच नाही. या आकड्यावर विसंबून शाळेसाठी संच घेणे म्हणजे परीक्षेत नुसते हजर राहिलेल्याला पहिला क्रमांक देण्यासारखे आहे.

येथे एका भारतीय शास्त्रज्ञाची आठवण ठेवायला हवी. काठीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक सर्वांना माहीत होते. १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थाळीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रवस्फटिक बनतात हे दाखवून दिले. पुढे अशाच थाळीवजा रेणूंचा थर दिलेल्या पातळ फिल्म चपट्या पडद्यांवर पाहण्याचा कोन रुंद करण्यासाठी वापरल्या गेल्या.

आता थोडे गणित करू. घरी खाट पडद्यापासून अडीच मीटरवर आहे. चौघे शेजारी बसले तरी कडेचा माणूस मध्यरेषेपासून पाऊण मीटरच दूर असेल. त्याचा कोन सुमारे १७ अंश. व्हीएचे चित्र साधारणपणे पंचवीस-तीस अंशांच्या पुढे उघडपणे फिके पडू लागते. म्हणजे घरात कोणाचेच नुकसान नाही. वर्गात मात्र पहिली रांग पडद्यापासून दोन मीटरवर आणि तिच्या टोकाचे मूल मध्यरेषेपासून अडीच मीटरवर आहे. कोन किती? ज्याची स्पर्शिका २.५ भागिले २ आहे तो, म्हणजे ५१ अंश! पाचवीतल्या या मुलाने पुढचा बाक धरला तो नीट दिसावे म्हणून, आणि त्यालाच सर्वांत वाईट दिसते. आयपीएसवरही ५१ अंशांना उजेड कमी होतो, पण रंग टिकून राहतात.

पण आयपीएसचा काळा रंग राखाडी असतो, त्याचे काय? येथेच खरी गंमत आहे. दोन्ही संचांच्या पांढऱ्या भागाची दीप्ती दर चौरस मीटरला २५० कँडेला धरा. आयपीएसच्या काळ्याची ०.२५ आणि व्हीएच्या काळ्याची ०.०६. भागाकार करा. आयपीएसला १,००० आणि व्हीएला ४,००० च्या वर. रात्री अंधाऱ्या खोलीत हा चौपट फरक डोळ्यांना स्पष्ट जाणवतो. चित्रपटातील रात्रीचे जंगल व्हीएवर रात्रीचे वाटते, तर आयपीएसवर धुके पडल्यासारखे. आता वर्गाच्या खिडक्या उघडा. पडद्यावर पडलेल्या उजेडातला थोडा भाग परत फिरून डोळ्यांत येतो. तो २ कँडेला समजा. हे २ पांढऱ्यातही मिळवा आणि काळ्यातही. आयपीएस : २५२ भागिले २.२५, म्हणजे ११२. व्हीए : २५२ भागिले २.०६, म्हणजे १२२. चौपट श्रेष्ठत्व कुठे गेले? खिडकीतून आलेल्या उजेडाने ते पुसून टाकले. दिवसाच्या वर्गात व्हीएचा गुण निरुपयोगी ठरतो आणि दोष मात्र तसाच राहतो. घरी रात्री नेमके उलटे.

तेव्हा धानोऱ्याच्या कुटुंबाने व्हीए घ्यावा आणि शाळेने आयपीएस, हे माझे स्पष्ट मत.

बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. "फोर-के" साठी जास्त पैसे मोजावेत का? ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. साध्या फुल एचडीत एका ओळीत १,९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्धा मिलिमीटर. निकोप डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो. त्या हिशेबाने १.७ मीटरच्या पलीकडून ठिपके दिसतच नाहीत. खाट अडीच मीटरवर असेल तर जादा ठिपके कोण मोजणार? "स्मार्ट" सोयींचा उपयोग नेटवर्क असेल तेथेच. शाळेने पेनड्राइव्हची खाच आणि आवाज यांकडे आधी पाहावे. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही पाठांची मालिका सुरू झाली, तिला इंटरनेटची गरज नव्हती.

दुकानात पडद्याची जात ओळखायची कशी? विक्रेत्याला बहुधा ठाऊक नसते, आणि एकाच नावाच्या मालिकेत वेगवेगळ्या मापांना वेगवेगळे पडदे असू शकतात. म्हणून पेनड्राइव्हवर दोन चित्रे न्या : एक माणसाच्या चेहऱ्याचे, एक जवळजवळ काळे. दुकानात रंग भडक करून ठेवलेले असतात, ते साध्या मांडणीवर आणायला सांगा. मग चेहऱ्यावर नजर ठेवून पडद्याभोवती अर्धवर्तुळात चाला. चेहरा पिठासारखा होत गेला तर तो व्हीए. काळ्या चित्राच्या वेळी शक्य असल्यास दिवा घालवून पाहा. काळा भाग धुरकट चमकला तर तो आयपीएस. प्रयोगशाळेतले भिंग नेता आले तर उत्तमच. पांढऱ्या भागावर धरले असता आयपीएसच्या खिडक्या बहुधा बाणाच्या टोकासारख्या वाकड्या दिसतात, व्हीएच्या सरळ उभ्या. पडदा बोटाने दाबून पाहण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका, तो दबून खराब होतो.

शाळेत व्हीए संच आधीच आलेला असेल तर? संच खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका, खिडकीशी काटकोनात असलेल्या भिंतीवर लावा. मुले सतरंजीवर बसत असतील तर तो खाली उतरवा, किंवा पुढे थोडा झुकवा, कारण चित्र खालून पाहतानाही फिके होते. मग खडू घ्या. पडद्याच्या मध्याखालून जमिनीवर मध्यरेषा काढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोनमापकाने ३० अंशांच्या रेषा आखा. दोन मीटरवर या रेषांतले अंतर २.३ मीटर भरेल, पाच मीटरवर ५.८. एका मुलाला ४५ सेंटिमीटर जागा धरली तर पुढच्या रांगेत पाच मुले बसतील आणि शेवटच्या रांगेत बारा. कमी दिसणारी आणि बुटकी मुले त्या पाचांत बसवा.