आधी चाल बघा

फिजिओथेरपीची मुले भामरागडला शिबिरासाठी आली की मी त्यांना दाराशी उभे करते. हातोडी पिशवीतच राहू द्या, येणारा माणूस चालतो कसा ते बघा. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या आणि मज्जारज्जूच्या 31 त्यांना तोंडपाठ असतात. पण समोरचे नातेवाईक एवढेच सांगतात, ‘मॅडम, लकवा मारला.’ कुठे मारला, हे शोधणे आपले काम.

एक आजोबा येतात. डावा पाय ताठ, अर्धवर्तुळ काढत पुढे येतो. डावा हात कोपरात दुमडून छातीशी. हा बिघाड मेंदूच्या उजव्या बाजूचा, कारण हालचालीच्या बहुतेक तंतूंची बाजू मेंदूच्या तळाशी बदलते. गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय नको इतका उडतो. मज्जारज्जूचे काम चालू आहे, वरून त्याला आवरणारा मेंदूचा हुकूम तेवढा पोचत नाही. पक्षाघात शहरी, बैठ्या लोकांचा आजार, असे मुलांना वाटते. ‘सर्च’ या संस्थेने आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातल्या 86 गावांत केलेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला, तिथल्या मृत्यूंचे पहिले कारण पक्षाघातच निघाले, साधारण सातातला एक मृत्यू.

मागून एक बाई. गुडघा उंच उचलते, पाऊल फटकन खाली आपटते. पंजा वर उचलता येत नाही, पण गुडघ्याचा झटका अगदी नेहमीसारखा. म्हणजे मेंदूत जायचे कारण नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा उंचवटा लागतो. त्याला वळसा घालून जाणारी नस कातडीच्या लगेच खाली असते. तिथे बोट फिरवा. दोरीसारखी जाड लागली तर कुष्ठरोग मनात आणा, आणि विचारा: चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असे होते का? हा प्रश्न मला कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचा वाटतो. नस जाड नसेल, तर धान कापताना तासन् तास उकिडवे बसल्यानेही ती दबू शकते. कुष्ठरोगातली कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर स्टेरॉइडने ताकद परतण्याची आशा असते. म्हणून पंजा कधीपासून पडला, ते नीट विचारून लिहायचे. दुभाषी आशाताई असली तर तिला बाजाराच्या दिवसांवरून हिशेब काढता येतो.

ज्या आजारात आपला व्यायाम थांबतो, तोही सांगते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, बहुधा दुखतही नाही. पहाटे पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, मग श्वास. नस शाबूत, स्नायू शाबूत. विष दोघांच्या सांध्यावर निरोप अडवते. माणूस मेल्यासारखा दिसतो, पण ऐकत असतो. त्याला लागतो कृत्रिम श्वास, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने रस्ता बुडाला की तो दूर राहतो. 1973 साली बाबा आमट्यांनी जवळच हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तिथल्या दवाखान्याचे मोल अशा वेळी कळते.

आजोबांकडे परत येऊ. डाव्या बाजूचे भानच हरवले असेल, तर नातीला सांगते: पाण्याचा तांब्या डावीकडे ठेव, बोलायलाही डावीकडूनच ये. सगळे हातात आणून देऊ नकोस. मुले विचारतात, ‘मॅडम, हा व्यायाम झाला?’ झाला, आणि दिवसातून वीस वेळा झाला.