चार सुया, तीन थर आणि एक अशक्य आकडा

गेल्या महिन्यात माझ्या ५० नॅनोमीटर जाडीच्या तांब्याच्या फिल्मची रोधकता आली ०.७५ मायक्रोओहम-सेंमी. साध्या, जाड तांब्याची असते साधारण १.७. पातळ फिल्ममध्ये इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर आणि कणांच्या सीमांवर जास्त वेळा आपटतात, त्यामुळे आकडा उलट वाढायला हवा. म्हणजे एक तर मोठा शोध, नाहीतर चूक. काय असेल ते तुम्ही ओळखलंच असेल!

आधी मोजतात कसं ते बघू. मल्टिमीटरची दोन टोकं टेकवली की फिल्मच्या रोधात वायरींचा आणि संपर्काचा रोधही मिसळतो. फिल्मचा रोध एक ओहमपेक्षा कमी असेल तर तो त्यात हरवूनच जातो. म्हणून एका ओळीत, समान अंतरावर चार सुया ठेवतात. बाहेरच्या दोन सुयांतून करंट सोडायचा, आतल्या दोघींमधलं व्होल्टेज मोजायचं. व्होल्टमीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे आतल्या सुयांचा संपर्करोध मोजमापात येत नाही. १९१५च्या सुमारास फ्रँक वेनर यांनी ही युक्ती जमिनीची रोधकता मोजायला मांडली. १९५४मध्ये वाल्डेस यांनी ती ट्रान्झिस्टरच्या जर्मेनियमसाठी वापरली.

सुयांमधल्या अंतराच्या मानाने फिल्म खूप पातळ आणि नमुना बराच मोठा असेल, तर सूत्र सोपं आहे:

शीट रोध = ४.५३ × (व्होल्टेज ÷ करंट)

त्याला जाडीने गुणलं की रोधकता मिळते.

माझं रीडिंग होतं १० मिलिअँपिअरला ०.३३ मिलिव्होल्ट, म्हणजे शीट रोध ०.१५ ओहम प्रति चौरस. गुणाकार तीनदा तपासला, बरोबर होता. चुकलं होतं ते गृहीतक: सगळा करंट तांब्यातूनच जातो.

एकावर एक असलेले थर हे समांतर जोडलेले रोध असतात. तांब्याखाली ते नीट चिकटावं म्हणून १० नॅनोमीटर टायटॅनियम होतं. त्याचा शीट रोध निदान ४२ ओहम, त्यामुळे त्यातून करंट नगण्य. पण त्याखालचा सिलिकॉन वेफर? मी तो ऑक्साइडचा थर असलेला समजून घेतला होता. निघाला भरपूर डोपिंगचा, ऑक्साइड नसलेला. ०.०१ ओहम-सेंमी, जाडी अर्धा मिलिमीटर, म्हणजे शीट रोध ०.२ ओहम! तांब्यापेक्षाही कमी. तीन चतुर्थांश करंट खालूनच निघून जात होता.

तेच थर काचेवर चढवले. १.३२ मिलिव्होल्ट, ०.६ ओहम, रोधकता ३ मायक्रोओहम-सेंमी. आता कसं पटतं!

यातून उलटीही गोष्ट कळते. या रीडिंगवरून टायटॅनियमची रोधकता काढता येणार नाही. त्याचा वाटा दीड टक्क्याच्या आतबाहेर आहे, आणि तांब्याच्या जाडीतली चूक त्याहून मोठी असू शकते. टायटॅनियम हवं असेल तर ते एकटंच काचेवर चढवून मोजावं लागेल.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: फिल्म चढवण्याआधी कोऱ्या सबस्ट्रेटवरच चार सुया टेकवायच्या. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते टाळलं आणि दोन आठवडे घालवले.