टाचेत काटा मोडल्यानंतरचे चोवीस तास

सकाळी ८:००. बांधावरून चालताना बाभळीचा काटा टाचेत मोडतो. सुईने तो काढला, तरी त्याच्याबरोबर शिरलेले मातीतले जीवाणू आतच राहतात.

८:१०. रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिने दिसेल त्या पृष्ठभागाला चिकटू लागतात. आपल्या पेशींवर त्यांना निष्प्रभ करण्याची सोय असते. बहुतेक जीवाणूंकडे ती नसते, म्हणून ते सापडतात.

८:३०. कातडीत कायम मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज पेशी कामाला लागतात. त्यांच्याकडे ‘टोल’ ग्राहक असतात. माणसात त्यांचे १० प्रकार आहेत. चौथ्या क्रमांकाचा ग्राहक अनेक जीवाणूंच्या बाह्य आवरणातला लायपोपॉलिसॅकराइड ओळखतो, तर पाचवा त्यांच्या शेपटीतले फ्लॅजेलिन. हे पदार्थ आपले शरीर बनवतच नाही आणि जीवाणूला ते सहजी टाकून देता येत नाहीत. त्यामुळे जीवाणू कोणत्या जातीचा, हे कळले नाही तरी तो परका आहे, एवढे नक्की कळते. चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली हा तर्क मांडला. पुढे ज्यूल हॉफमन यांनी फळमाशीत आणि ब्रूस बॉयटलर यांनी उंदरात त्याचा पुरावा दिला. या दोघांना २०११ चे नोबेल मिळाले.

१०:००. मॅक्रोफेजच्या रासायनिक संदेशांनी रक्तवाहिन्या रुंदावतात. टाच लाल होते, सुजते, ठणकते.

दुपारी २:००. न्यूट्रोफिल पेशींची रीघ लागते. अस्थिमज्जा त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार करते. त्या जीवाणूंना गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. पू होतो तो मुख्यतः त्यांचाच.

संध्याकाळी ७:००. संदेश मेंदूपर्यंत पोचले, तर अंगात कसकस भरते, ताप येतो.

रात्री ११:००. डेंड्रायटिक पेशी जीवाणूंचे अंश घेऊन जांघेतल्या लसिका ग्रंथींकडे निघालेल्या असतात. त्या जीवाणूविरुद्धची नेमकी प्रतिपिंडे तिथे तयार व्हायला काही दिवस लागतील. तोवर सगळी भिस्त या जन्मजात ओळखीवरच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ८:००. सूज बहुधा उतरू लागते. पण काट्याबरोबर शिरलेल्या मातीतल्या जीवाणूंत धनुर्वाताचाही असला, तर त्याचे विष इतक्या अल्प मात्रेत मारक ठरते, की तो आजार होऊन गेला तरी शरीर त्याला ओळखायला शिकत नाही. ते काम लसच करते. म्हणून काटा लागला की जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.